थोरली बाया, धाकटी पार्वतीबाई

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या भागाचा लेखी मसुदा. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

संगमनेरच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला होता. तिने सांगितलं ते थोडक्यात असं, की ताईने सायन्स घेतलं म्हणून मीही सायन्स घेतलं, ताई एमपीएससीसाठी पुण्याला गेली म्हणून मीही आता पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधतेय, आणि घरचे सगळे मला 'ताईची झेरॉक्स' म्हणतात. इतिहासात अशी कुणी झेरॉक्स बहीण होऊन गेली का?

मेसेज मी आपल्या ग्रुपवर टाकला, तर अर्ध्या तासात पंधरा जणांनी लता-आशा असं लिहून पाठवलं. साहजिक आहे. पण त्या दोघींवर इतकं बोलून झालंय की मी नवीन काय सांगणार? मला दुसऱ्याच दोन बहिणी आठवल्या. थोरलीचं नाव तुम्ही ऐकलं असण्याची शक्यता आहे, निदान तिच्या नवऱ्याचं तरी नक्कीच ऐकलंय. धाकटीचं बहुतेक नाही. थोरली म्हणजे आनंदीबाई कर्वे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी. सगळे त्यांना बाया म्हणायचे. धाकटी म्हणजे पार्वतीबाई आठवले.

दोघी मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या, जोशांच्या मुली. काळ एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. आणि दोघींच्या आयुष्यात एक गोष्ट सारखी होती, ती म्हणजे दोघी विधवा झाल्या. थोरली तर अगदी लहानपणी. तिचं माहेरचं नाव गोदू. आठेक वर्षांची असताना लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. आठ वर्षांची म्हणजे आपल्याकडे तिसरीतली मुलगी हो. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत ती विधवा झाली होती.

इथे थोडं थांबते, कारण विधवा होणं म्हणजे तेव्हा काय होतं हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. ब्राह्मण घरांमध्ये विधवेचं केशवपन व्हायचं. न्हावी घरी यायचा आणि डोकं भादरायचा, आणि हे एकदाच नाही, केस वाढतील तसं पुन्हा पुन्हा, मरेपर्यंत. अंगावर लाल किंवा पांढरं आलवण, म्हणजे एकच जाडंभरडं लुगडं. दागिना नाही, कुंकू नाही, जेवण एक वेळ. लग्नकार्यात समोर यायचं नाही. सकाळी सकाळी तिचं तोंड दिसलं तर अपशकुन. आणि त्याच वेळी घरातलं सगळं काम तिच्यावर. पाणी भरणं, धुणी, स्वयंपाक, दुसऱ्यांची बाळंतपणं. फुकटात राबणारं माणूस. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने परवानगी मिळाली होती, पण कायदा कागदावर होता आणि गाव गावात होतं.

गोदूचं नशीब म्हणा, पण तिचा भाऊ नरहरपंत मुंबईला होता. त्याचं आणि धोंडो केशव कर्वे या त्याच्या मित्राचं बिऱ्हाड एकत्र होतं. भावाने विशी ओलांडलेल्या गोदूला मुंबईला आणलं. तेवढ्यात पंडिता रमाबाई अमेरिकेहून परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केलं, विधवांना शिकवण्यासाठी. गोदू तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हललं, तशी तीही पुण्याला गेली.

इकडे कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले. चांगली नोकरी, वय तेहतीस. त्यांना दुसरी बायको म्हणून दहा-बारा वर्षांची कुमारिका सहज मिळाली असती, रीतच होती तशी. ते म्हणाले, लग्न करीन तर विधवेशीच. आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूशी त्यांचं लग्न झालं. तारीख बघा, शारदा सदन उघडलं त्याच्या बरोबर चार वर्षांनी, त्याच दिवशी. लग्नात नाव ठेवलं आनंदी.

मग मुरुड. दापोलीजवळचं मुरुड, कर्व्यांचं गाव. हल्ली आपण तिथे बीचवर रील काढायला जातो. त्या गावाने या जोडप्यावर बहिष्कार टाकला, आणि तो नुसता या दोघांवर नव्हता. यांना घरात घेतलं तर आई, भाऊ यांनाही वाळीत टाकू, असा होता. सख्ख्या आईला मुलगा आणि सून घरी आणता येईनात. पुण्यातही फार वेगळं नव्हतं. कुणाकडे हळदीकुंकवाला बोलावणं नाही, कुणाच्या पंगतीला पान नाही.

तर ही झाली थोरली. आता देवरुखला परत जाऊ.

धाकटीचा जन्म १८७० चा. तिचं लग्न अकराव्या वर्षी महादेव आठवले यांच्याशी झालं. ते पायाने अधू होते. विसाव्या वर्षी पार्वतीबाई विधवा झाल्या. पदरात लहान मुलगा. त्यांचं केशवपन झालं आणि त्या माहेरी, बापाच्या घरी येऊन राहिल्या. पुढची पाच-सहा वर्षं तिथेच. शिक्षण काहीही नाही.

आता तुम्ही त्यांच्या जागी उभं राहून बघा. तुमच्याच घरातली, तुमच्यासारखीच विधवा असलेली थोरली बहीण मुंबईला गेली, शाळेत बसली, लिहा-वाचायला शिकली, आणि मग तिने असं काही केलं की अख्ख्या कोकणात तिच्या नावाची चर्चा झाली. घरात तिचं नाव कुजबुजत घेतलं जात असणार. आणि तुम्ही त्याच घरात आलवण नेसून पाणी शेंदताय. मला वाटतं, थोरल्या बहिणीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच असतो. ती तुम्हाला काही शिकवत नाही, सल्ले देत नाही. दिले तरी आपण कुठे ऐकतो? पण ती एक गोष्ट करून दाखवते, आणि त्यानंतर 'हे होऊच शकत नाही' असं तुम्हाला कुणी सांगू शकत नाही. तुम्ही स्वतःही नाही.

वयाच्या सव्विसाव्या वर्षी पार्वतीबाई देवरुख सोडून पुण्याला बहिणीच्या आणि मेहुण्यांच्या आधाराने शिकायला आल्या. सव्विसाव्या वर्षी पहिल्यापासून शिकायचं. थोरलीनेही असंच केलं होतं, वयाने वाढलेली बाई आणि हातात पाटी. इथपर्यंत धाकटी अगदी थोरलीच्या पावलावर पाऊल टाकत होती. घर सोडणं तसंच, शिकणं तसंच, शहरही तेच.

पण पुढचं पाऊल तिने टाकलं नाही.

पुनर्विवाहाचा रस्ता पार्वतीबाईंसाठी उघडा होता. मेहुणा स्वतः पुनर्विवाहाच्या चळवळीतला आघाडीचा माणूस, बहीण त्या चळवळीचं चालतंबोलतं उदाहरण. कोणी अडवणारं नव्हतं. तरी त्यांनी नको म्हटलं, आणि ते शेवटपर्यंत. नुसतं तेवढंच नाही. डोकं भादरलेलंच ठेवलं, विधवेचा वेष ठेवला. त्यांचं मत असं होतं की विधवेला शिक्षण द्या, स्वतःच्या पायावर उभी करा. लग्न हाच तिच्यावरचा उपाय नाही. आणि पतिनिष्ठेच्या ज्या जुन्या कल्पना होत्या, त्या त्यांना मनापासून पटत होत्या. आज वाचताना या मतांशी माझं जमत नाही, खरं सांगते. काही पानांवर तर चिडचिड होते. पण त्या कुणाच्या दबावाखाली बोलत होत्या असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या घरात पुनर्विवाहाचं कौतुक होतं, त्याच घरात राहून त्यांनी नाही म्हटलं. त्यालाही धाडस लागतंच की.

आता गोष्टीचा जो भाग मला खरं तर सांगायचाय, तो इथून सुरू होतो.

१८९६ साली कर्व्यांनी 'अनाथ बालिकाश्रम' काढला. विधवांसाठी वसतिगृह आणि शाळा. आपल्या शिल्लकीतले हजार रुपये त्यांनी पहिल्यांदा त्यात घातले. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पुढे पुण्यात प्लेग आला, शहरात राहणं अवघड झालं, आणि गोपाळ गोविंद गोखले नावाच्या गृहस्थांनी शहराबाहेर हिंगणे गावाजवळ सहा एकर जमीन दिली. तिथे १९०० साली एक झोपडी बांधली गेली. आज तुम्ही ज्याला कर्वेनगर म्हणता, तेच हे हिंगणे. तेव्हा तिथे माळरान होतं. ना रस्ता, ना दिवे. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि मग चार मैल चालत हिंगण्याला जायचे.

पण एक अडचण होती, आणि ती मोठी होती. आश्रमात मुली पाठवणार कोण? सनातनी घरांतलेच आईबाप आणि भाऊ. पैसे देणार कोण? त्याच समाजातले लोक. त्यांना भीती एकच, की हा कर्वे विधवेशी लग्न केलेला माणूस, उद्या आमच्या मुलींचीही लग्नं लावून देईल. शारदा सदनाचं काय झालं होतं ते सगळ्यांना ताजं आठवत होतं. तिथे मुली ख्रिस्ती होतायत अशी ओरड झाली आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. कर्व्यांनी त्यातून धडा घेतला. त्यांनी ठरवलं की आश्रम म्हणजे फक्त शिक्षण. पुनर्विवाहाची चळवळ वेगळी, आश्रम वेगळा. दोन्हींची गाठ घालायची नाही.

म्हणजे प्रत्यक्षात काय झालं? ज्या बाईवरून हे सगळं सुरू झालं, म्हणजे बाया, त्यांनाच आश्रमापासून लांब राहावं लागलं. पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरतेय, मुलींमध्ये बसतेय हे लोकांनी खपवून घेतलं नसतं. नवरा माळरानावर बायकांसाठी घर बांधतोय आणि स्वतःची बायको पुण्यात, पोराबाळांना घेऊन, तुटपुंज्या पैशांत संसार ओढतेय. वसंत कानेटकरांचं 'हिमालयाची सावली' हे नाटक पाहिलंय का कुणी? ते कर्वे आणि बाया यांच्यावरूनच सुचलेलं. २०१९ मध्ये ते पुन्हा रंगभूमीवर आलं होतं. मोठ्या माणसाच्या घरी त्याच्या बायकोला काय काय सोसावं लागतं, ते त्यात दिसतं.

आणि मग आश्रमात बायकांमध्ये राहून तो सांभाळायचा कुणी?

पार्वतीबाईंनी.

म्हणजे बघा. थोरली विधवा, शिकली, लग्न केलं, त्यामुळे आश्रमाचं दार तिला बंद. धाकटी विधवा, थोरलीचं बघून शिकली, लग्न केलं नाही, डोकं भादरलेलं, आलवण नेसलेलं, म्हणून तीच आश्रमाची व्यवस्थापिका. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर अशा आणखीही बायका होत्या ज्यांनी आपलं आयुष्य या संस्थेला दिलं, त्यांच्यावर एक वेगळा भाग करायला हवा. पण पार्वतीबाईंचं स्थान खास, कारण पैसे गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

वर्गणी गोळा करणं म्हणजे गणपतीची पावती फाडणं नव्हे. गावोगाव जायचं, अनोळखी घराचा उंबरा ओलांडायचा, भाषणं द्यायची, बायकांशी बोलायचं, आणि विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागायचे अशा लोकांकडे ज्यांना मुळात विधवांनी शिकावं हेच पटत नाही. १९०० च्या आसपास एका बाईने हे करायचं. आणि इथे त्यांचा वेष कामाला आला. थोडा विचार केला तर कळतं कसं ते. केशवपन केलेली, नियम पाळणारी विधवा ही सनातनी घरातल्या माणसाला ओळखीची होती. तिच्याबद्दल त्याला तिरस्कार वाटायचा, दया वाटायची, पण संशय वाटत नव्हता. ती सोवळ्यात स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकत होती. घरातल्या म्हाताऱ्या सासवा तिच्याशी बोलत. बाया त्या घराच्या ओसरीवरही पोहोचल्या नसत्या.

म्हणून मला 'झेरॉक्स' हा शब्द या दोघींच्या बाबतीत फार मजेशीर वाटतो. धाकटीने थोरलीची नक्कल केली असती, म्हणजे लग्न केलं असतं, तर आश्रमाला एक माणूस कमी पडलं असतं. आणि थोरलीने आधी ते टोकाचं पाऊल उचललं नसतं, तर धाकटी देवरुखहून निघालीच नसती. एकीने समाजाशी भांडण घेतलं, दुसरी त्या समाजाच्या घरात शिरून त्याच्याकडून पैसे घेऊन आली. काम एकच होतं. पण हेही लक्षात घ्या की दोघींना मिळालेला मोबदला सारखा नव्हता. धाकटीला मान मिळाला, पद मिळालं. थोरलीच्या वाट्याला बाहेर उभं राहणं आलं. ही सल बायांच्या आत्मकथनात आहे. त्यांचा स्वभाव फटकळ, त्यामुळे ती झाकलेलीही नाही. आपल्या नवऱ्याच्या त्यागाची किंमत घरातलं कोण मोजतं, हे त्या सरळ सांगतात. महर्षींच्या चरित्रात ती पानं आपण जरा भरभर उलटतो.

दोघी बहिणी यावर एकमेकींशी काय बोलल्या असतील? मला फार उत्सुकता आहे. एक बहीण रोज जिथे राहते तिथे दुसरीने यायचं नाही, आणि ती जागा दुसरीच्या नवऱ्याने बांधलेली. आपल्याकडे एवढ्या-तेवढ्या मानपानावरून बहिणी वर्ष-वर्ष बोलत नाहीत.

आता केसांची गोष्ट. ही मला फार आवडते.

पार्वतीबाईंनी वीस वर्षांहून जास्त काळ डोकं भादरून घेतलं. आणि मग १९१२ साली, चाळिशी ओलांडल्यावर, ते बंद केलं. केस वाढू दिले. लग्न करायचं नव्हतंच, मतं फारशी बदलली नव्हती. पण विधवेला विद्रूप करण्याची ही रीत आपण पाळायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण ज्या बाईचं सगळं सामाजिक वजन त्या वेषावर उभं होतं, तिने तो स्वतःहून बाजूला ठेवणं म्हणजे वर्गणी देणाऱ्यांची नाराजी अंगावर घेणं. आणि चाळिशीतल्या बाईने केस वाढवले म्हणजे 'आता हिला काय थेर सुचलेत' हे आलंच. ती टीका झेलूनही त्यांनी केस ठेवले. थोरलीने वीस वर्षांपूर्वी जो समाज अंगावर घेतला होता, त्याचा छोटा तुकडा आता धाकटीच्याही वाट्याला आला.

आणि पुढचं तर विचारूच नका. १९१८ साली, वय अठ्ठेचाळीस, ही बाई अमेरिकेला गेली.

कशाला? इंग्रजी शिकायला! आश्रमासाठी फिरताना इंग्रजी येत नाही म्हणून अडतं, हे त्यांना सारखं खुपत होतं. हाताशी पैसे जेमतेम, ओळखी तुटपुंज्या, भाषा येत नाही, आणि पहिलं महायुद्ध अजून संपलेलं नव्हतं. तिथे जाऊन त्यांनी लोकांच्या घरी मोलकरणीचं काम केलं. भांडी, झाडलोट, मिळेल ते. देवरुखच्या सोवळ्यातल्या घरात वाढलेल्या, पुण्यात एका संस्थेची व्यवस्था बघणाऱ्या बाईने अमेरिकन घरात घरकाम करून दिवस काढले, जमेल तसं इंग्रजी शिकल्या, लोकांना हिंदुस्थानातल्या बायकांबद्दल सांगितलं आणि १९२० साली परत आल्या. आयईएलटीएसच्या क्लासला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी ही गोष्ट नेहमी सांगते. त्यांना ती आवडत नाही, हा भाग वेगळा.

इथे थोरली मागे पडते असं वाटेल, पण मला तो प्रवास वेगळा दिसतो. पंडिता रमाबाई अमेरिकेत जाऊन निधी घेऊन आल्या, त्यातून शारदा सदन उभं राहिलं, आणि तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती बाया. म्हणजे परदेशी जाऊन आलेल्या बाईने काय होऊ शकतं, याचा फायदा या घराने आधी थोरलीच्या रूपाने घेतला होता. धाकटी अमेरिकेला निघाली तेव्हा तो रस्ता घरातल्यांना पूर्ण अनोळखी नव्हता.

परत आल्यावर पार्वतीबाईंनी आपली हकीगत लिहिली. 'माझी कहाणी', १९२८. दोनच वर्षांत तिचं इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध झालं, आणि आता आपण नगरकरांनी जरा कान टवकारायचे. भाषांतर करणारा माणूस होता जस्टिन ॲबट. अमेरिकन मराठी मिशनचा, मुंबईत बरीच वर्षं काम केलेला मिशनरी. हे मिशन म्हणजे ज्याने १८३१ पासून नगरमध्ये ठाण मांडलं, १८४२ साली नगरहून 'ज्ञानोदय' सुरू केलं, आणि ज्याच्या सिंथिया फरार बाईंनी १८३९ पासून आपल्या शहरात मुलींना शिकवलं, तेच. ॲबट म्हातारपणी अमेरिकेत बसून मराठी संतांची भाषांतरं करत होता. त्यात संत बहिणाबाई आहे, आणि आपल्या राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपतीही आहेत. महिपतींचा 'भक्तविजय' इंग्रजीत नेणाऱ्यानेच पार्वतीबाईही इंग्रजीत नेल्या. मला हे कळलं तेव्हा भारी वाटलं होतं. ताहाराबादला दर्शनाला गेलात तर आठवा.

आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण शाळेत वाचली, निदान एक धडा तरी. त्याच पिढीच्या, वयाने पार्वतीबाईंपेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या. दोघींनी उशिरा लिहिलं. लक्ष्मीबाईंचं पुस्तक मराठीत अमर झालं, पार्वतीबाईंचं मागे पडलं. लक्ष्मीबाईंच्या भाषेत जो खोडकरपणा आहे तो पार्वतीबाईंकडे नाही, हे कबूल. त्या उपदेश फार करतात. पण एकटीने गाड्या बदलत, वर्गणी मागत फिरणाऱ्या बाईची हकीगत म्हणून ते पुस्तक वाचाच.

आणि आता त्या संगमनेरच्या मुलीसाठी शेवटची गोष्ट, पुस्तकांविषयीचीच.

बायांनीही आपलं आयुष्य सांगितलं. 'माझे पुराण'. ते कावेरीबाई कर्वे, म्हणजे त्यांच्या सुनेने, शब्दबद्ध केलं आणि ते प्रसिद्ध झालं १९४४ साली. धाकटीच्या पुस्तकानंतर सोळा वर्षांनी. आयुष्यभर धाकटी थोरलीच्या मागून चालली: घर सोडण्यात, शिकण्यात, पुण्याला येण्यात. पण स्वतःची गोष्ट स्वतःच्या नावाने छापायला धाकटी पुढे होती आणि थोरली तिच्या मागून गेली.

बाया १९५० साली गेल्या, पार्वतीबाई १९५५ साली. कर्व्यांना भारतरत्न मिळालं १९५८ मध्ये, त्यांच्या शंभराव्या वर्षी. तेव्हा दोघींपैकी कोणीच नव्हतं.

'माझे पुराण' आणि 'माझी कहाणी', दोन्ही पुस्तकं जुन्या वाचनालयांत सापडतात. नगरकरांनी आधी आपल्या जिल्हा वाचनालयात चौकशी करा, मग ऑनलाइन. आणि वाचायची तर लागोपाठ वाचा, धाकटीचं आधी आणि थोरलीचं नंतर, छापली गेली त्याच क्रमाने. भेटू पुढच्या भागात.